बिनतेलाचा घोळाणा

हरभऱ्याचा पाला पाण्यात घालायचा नसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलंच असतं असं नाही. मी जालन्यात मस्तगडच्या गल्लीत वाढलेली, मॅट्रिक पास झालेली, आरोग्याच्या धड्यातलं 'पालेभाज्या स्वच्छ धुऊन घ्याव्यात' हे वाक्य पेन्सिलीनं अधोरेखित केलेली मुलगी. लग्न होऊन राजूरपासून कोसभर आतल्या गावात आले तेव्हा सोबत दोन पेट्या होत्या आणि ही अक्कल होती. पेट्या माळ्यावर गेल्या. अक्कल मात्र मी बरेच दिवस हातात घेऊन फिरत होते.

घरात माणसं तीनच. सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, सासूबाई, त्या आत्याबाई, आणि मी. नवरा जालन्याला बियाण्याच्या गोदामात नोकरीला होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं परत जायचा. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता, पण आमचा दवाखाना, कापड, सिनेमा सगळं तिथंच होतं. आणीबाणी उठली त्यानंतरच्या हिवाळ्यातली ही गोष्ट.

दिवाळी सरली आणि मामांच्या छातीत कळ आली. बैलगाडीतून राजूर, तिथून कुणाच्या तरी जीपमधून जालना. आठ दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी कागद माझ्या हातात दिला, कारण नवरा औषधं आणायला गेला होता आणि आत्याबाईंनी 'मला यातलं काय कळतं' म्हणत पदर तोंडाला लावला होता. कागदावर इंग्रजीत बरंच काही होतं. डॉक्टर तोंडानं बोलले त्यातलं माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच: विश्रांती, मीठ कमी, तेल बंद, संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा दाखवायला या. घरी आल्यावर ओसरीत उभं राहून मी ते सगळ्यांना सांगितलं आणि सांगताना तेलापुढं 'एक थेंबसुद्धा नाही' हे पदरचं घातलं. कागद वाचता येणारी मी एकटीच होते, तेव्हा जरा जोरात सांगायला हरकत नाही असं मला वाटलं असावं.

मामांचं तेल हा साधा विषय नव्हता. घरची करडई, गावच्या घाण्यावर काढलेलं तेल, चिनी मातीच्या बरणीत भरून ठेवलेलं. भाकरीवर ठेचा घ्यायचा, ठेच्याला बोटानं खळगा पाडायचा आणि त्यात कच्चं तेल ओतायचं, ही त्यांची न्याहारी. वरणावर तेल, पिठल्यावर तेल, कांद्यावर तेल. पण माणूस शब्दाचा पक्का. तंबाखू त्यांनी एका दिवसात सोडली होती, तसंच तेलही सोडलं. फरक एवढाच की तंबाखू सोडलेला माणूस निदान जेवतो.

मामा जेवेनात. ताटावर बसायचे, भाकरी मोडायचे, वरणात बुडवून दोन घास घ्यायचे आणि ताटातच हात धुवायचे. तक्रार नाही, चिडणं नाही. मी आणखी एक शहाणपण केलं. शेंगदाण्यात तेल असतं हे मला माहीत होतं, म्हणून कूटही बंद केला. आता भाजीला ना फोडणी, ना कूट. दुष्काळात तेरावा महिना. पंधरा दिवसांत मामांची बंडी खांद्यावरून ओघळायला लागली. आत्याबाई मला काही बोलायच्या नाहीत, भांड्यांशी बोलायच्या. पाणवठ्यावर बायका मात्र माझ्यासमोरच म्हणाल्या की शिकलेल्या सुनेनं सासऱ्याचं तेल तोडलं. मला आधी राग आला. घरी येऊन कळशी आपटली. मग चार दिवसांनी मामा भिंतीला धरून उठताना दिसले आणि रागाची भीती झाली. हा माणूस छातीच्या दुखण्यानं नाही, माझ्या तोंडच्या एका वाक्यानं जाणार, असं मला खरंच वाटायला लागलं.

आमच्याकडे हिवाळ्यात घोळाणा करतात. हरभऱ्याचे, नाहीतर मेथीचे कोवळे शेंडे कच्चेच घ्यायचे, मीठ लावून हातानं घोळायचे, कांद्याची पात, मिरची, कूट आणि वरून कच्च्या तेलाची धार. चूल लागत नाही. मामांना तो इतका आवडायचा की त्यापुढं भाकरी हे नुसतं निमित्त. हरभरा वीतभर झाला तसा मी मनात धरलं की आपण बिनतेलाचा घोळाणा करायचा. ऊन वर आल्यावर शेतात जाऊन ओटीभर पाला खुडला, घरी आणून तीन पाण्यांनी खळखळून धुतला, मीठ-मिरची लावली आणि मामांच्या ताटात वाढला. त्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चघळला. मग पाणी प्यायले आणि उरलेला पाला ताटाच्या कडेला हळूच सारून ठेवला, जसं दुसऱ्याच्या घरी जेवताना न आवडलेलं ठेवतात.

आत्याबाईंनी वाटीतला चिमूटभर तोंडात टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हरभरा धुतला का काय तू?"

मी म्हटलं, धुतला, तीन पाण्यांनी. त्या हसायलाच लागल्या. महिनाभरात पहिल्यांदा त्या घरात कुणी हसत होतं, आणि हसण्याचं कारण मी होते. मग त्यांनी सांगितलं की हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. रात्रीतून पानांवर आंबट दव धरतं, तीच त्याची चव. पाला खुडायचा तो उजाडता उजाडता, ती आंब अंगावर असताना, आणि पाणी दाखवायचं नाही. धुतलेला हरभरा म्हणजे नुसता कडबा. गावात कुणी माणूस फारच शहाणपणा करायला लागला की हरभरा धुतो असं म्हणतात, हेही त्यांनी सांगितलं. ते त्यांनी त्याच दिवशी रचलं असावं असा मला आजही संशय आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्या मला शेतात घेऊन गेल्या. थंडीनं बोटं वळत नव्हती. दोन बोटांत शेंडा धरायचा आणि नखानं टचकन तोडायचा. खुडल्यानं झाड आणखी फुटतं, घाबरू नको, असं त्या मागून सांगत होत्या. चुलीपाशी काम करून माझ्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्यांत आंब शिरली तशी बोटं अशी झोंबली की डोळ्यांत पाणी आलं. लुगड्याच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत ओल्या, आणि जीभ लावून पाहिलं तर त्याही आंबट. पाला मात्र आता चवीचा होता.

चव आली तरी एक अडचण राहिलीच. हरभऱ्याचं पान खरबरीत. तेल नसलं की ते टाळ्याला चिकटतं, घास उतरत नाही. मामांनी त्या दिवशी चार घास खाल्ले आणि ठसका लागला. तेलाचं काम करील, पण तेल नसेल असं काय आहे, याचा विचार करत मी दिवसभर बसले. दही लावून पाहिलं तर आंबटात आंबट, तोंड वेडंवाकडं झालं. ताक पाण्यासारखं खाली उतरून बसलं.

आणि मला कण्या आठवल्या. लग्नानंतर पहिल्यांदा या घरी जेवले तेव्हा आत्याबाईंनी करडईच्या दुधात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या वाढल्या होत्या. मऊ, पांढऱ्या, सायीसारख्या. करडई भिजवायची, वाटायची, फडक्यातून पिळायची, की दूध निघतं. पोराबाळांना, आजाऱ्याला देतात. बस्स, माझं ठरलं.

संध्याकाळी एक मूठ करडई वाटीत भिजत घातली. सकाळी पाट्यावर वाटली, वाटीभर पाणी घालून फडक्यातून पिळली. पहिलं दूध घट्ट निघालं, तेवढंच घेतलं. त्यात लसणाच्या चार पाकळ्या आणि हिरवी मिरची वाटून घातली, मीठ बेताचं, आणि दाटपणाला फुटाण्याच्या डाळीचं पीठ. पळीला चिकटून राहील असं झालं. इकडे पाला किंचित मीठ लावून दोन्ही हातांनी चोळला, अगदी पान मऊ पडून गडद हिरवं होईतो. परातभर पाल्याचा वाडगाभर झाला. त्यावर ते दूध ओतून पुन्हा घोळला आणि भाकऱ्या होईपर्यंत झाकून ठेवला.

मामांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं नाही, वाडग्याकडे पाहिलं. मग दुसरा घास घेतला. मी दाराआड उभी राहून मोजत होते. एक भाकरी संपली. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि आत्याबाईंना म्हणाले की अर्धी आणखी दे. आत्याबाई भाकरी वाढायला वाकल्या आणि तशाच पदरानं डोळे टिपत उठल्या. चूल धुरकट होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. मला मात्र इतकं हलकं वाटलं की मी परसात जाऊन उगीच सगळं तुळशीवृंदावन पुसून काढलं.

पुढं रोज तेच. पहाटे पाला, संध्याकाळी करडई भिजत. मामांचा आवाज परत आला, पाठोपाठ चेष्टा परत आली. हरभऱ्याला फुलं लागली तसं खुडणं थांबलं, मग मेथी घेतली, करडईचाच कोवळा पाला घेतला. दूध मात्र तेच. पाणवठ्यावर मी मुद्दाम लांबची वाट धरून जाऊ लागले, म्हणजे जास्त बायकांना विचारता यावं की बघा, आमचे मामा बिनतेलाचं कसं जेवतात.

संक्रांत आठवड्यावर आली आणि आत्याबाईंनी मला घाण्यावर पाठवलं. आम्ही दोघी तेल खात होतोच, आणि सणाला ताजं लागतं. मी टोपलं डोक्यावर घेऊन गेले. घाणेवाल्यानं टोपल्यातली करडई ओंजळीत घेतली, दोन दाणे दातांखाली फोडले आणि खूश होऊन म्हणाला, "दाणा न्हाई बाई, तेलच हाय हे सगळं."

बैल फिरायला लागला. लाकूड करकरलं. मी तिथं उभी होते आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली.

करडईचं तेल करडईतूनच निघतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? शेंबडं पोरही सांगेल ते. शेंगदाण्यात तेल असतं म्हणून कूट बंद करणारी मीच. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेवर सुचणं वेगळं. फडक्यातून पांढरंशुभ्र दूध पिळताना हे तेलच आपण पिळतोय, हे एवढ्या दिवसांत माझ्या मॅट्रिक पास डोक्यात एकदाही आलं नव्हतं. ज्याला थेंब द्यायचा नाही म्हणून मी ओसरीत उभी राहून सांगितलं, त्याला मी रोज वाडगाभर खाऊ घालत होते. आणि वर गावभर मिरवत होते.

घरी येऊन कुणाला सांगायचा धीर झाला नाही. त्या संध्याकाळी करडई भिजवली नाही. सकाळी कोरडाच घोळाणा वाढला. मामांनी वाडग्यात पाहिलं आणि अर्ध्या भाकरीवर उठले. आत्याबाईंनी विचारलं की आज दूध कसं नाही केलंस. मी म्हटलं, करडई संपली. कोपऱ्यात करडईचं पोतं गळ्यापर्यंत भरून उभं होतं. त्यांनी पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चूल फुंकायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा पाव भाकरीवर आले. दिलं तर छाती, न दिलं तर उपास. त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय कबूल केलं ते राजूरच्या गणपतीलाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याची पाळी. मामांसोबत मीच निघाले, कारण कागद मलाच कळायचा. नवरा जालन्यात भेटणार होता. एसटीत मामा खिडकीशी बसले होते आणि बाहेरची तुरी, हरभरा बघत कुणाचं पीक कसं आहे ते सांगत होते. मी मागच्या बाकावर डोक्यावरचा पदर घट्ट धरून बसले होते. दवाखान्यात नवरा वाट बघत उभा होता. त्याला बाजूला घेऊन सांगावं असं दोनदा मनात आलं. नाही सांगितलं.

डॉक्टरांनी मामांना काट्यावर उभं केलं, दाब पाहिला, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग ते म्हणाले की छान आहे, दाब उतरलाय, वजनही फारसं गेलेलं नाही, काय खाता? मामा म्हणाले, सून देती ते खातो. झालं. आता सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी सांगून टाकलं. हरभऱ्याच्या पाल्यापासून घाण्यापर्यंत, एका दमात, नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर. शेवटी म्हटलं की चूक माझी आहे, यांची नाही. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"रोज किती करडई घेता?"

"एक मूठ. सगळ्यांच्या घोळाण्याला मिळून."

"आणि थेंबसुद्धा नाही, असं मी कधी म्हणालो?"

ते हसले. तळलेलं बंद, भाजीवर तरंगणारं तेल बंद, भाकरीवर धार धरणं बंद, असं ते म्हणाले होते म्हणे. मूठभर दाण्यांच्या दुधानं, तेही पाला आणि भाकरीबरोबर, काही बिघडत नाही. माणूस जेवतोय हे महत्त्वाचं. चालू ठेवा, फक्त मूठ वाढवू नका. माझा जीव भांड्यात पडला. पडला म्हणजे इतका की मी तिथंच बाकावर बसले आणि सासऱ्यांच्या समोर बसलेय हे भान यायला वेळ लागला. नवरा माझ्याकडे असा बघत होता की ही बाई कोण. मामा छताकडे बघत होते.

नवरा औषधं घ्यायला गेला आणि आम्ही दोघं एसटी स्टँडवर लिंबाखाली थांबलो. मामा एरवी माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. सुनेशी बोलायचं ते आडून, आत्याबाईंना किंवा भिंतीला उद्देशून. त्या दिवशी ते समोरच्या रिकाम्या एसटीकडे बघत बोलले.

"मला पयल्या घासालाच कळ्लं व्हतं. जल्मभर करडई पेरली मी."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत?

"बोललो असतो तं तू बंद केलं असतं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. ते पुन्हा म्हणाले, "अन् तुझी बोटं बघितल्ती मी. झोंबत व्हती न्हाई का."

घरी पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आत्याबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मामांनी सगळं सांगितलं, डॉक्टरांचं, वजनाचं, आणि आपल्या सुनेनं भरल्या दवाखान्यात कशी कबुली दिली तेही, जरा मीठमसाला लावून. आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोन दिवस थांबलेली करडईची वाटी त्यांनी आधीच भिजवून चुलीजवळ ठेवली होती. म्हणजे त्या दुधात तेल आहे हे त्यांनाही माहीत होतं. घरात न कळलेली मी एकटीच.

"डाक्टरला किती सांगितली करडई?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, एक मूठ. तेवढी चालते म्हणाले, पण वाढवू नका.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं, हात झटकला.

"दोन मुठी व्हत्या," त्या म्हणाल्या. "एक तुझी. अन् तू वळली का एक मी टाकत व्हते."

मामांना ठसका लागला. या वेळी घशात पाला नव्हता. मी हसत होते आणि रडत होते, आणि आत्याबाईंनी चुलीसमोर बसून, आम्हा दोघांच्या देखत, भिजलेल्या करडईतली आपली एक मूठ निथळून काढली आणि बाजूला ठेवली.